राऊत काकांचं दुधाळ रक्त

विरारच्या मनवेलपाड्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये दिनानाथ राऊतांनी बावीस वर्षं लोकांचं रक्त काढलं आणि कोणी मागितला नसताना सल्ला दिला. हात मात्र हलका. सुई कधी टोचली ते कळायचंही नाही. त्यामुळे लोक सल्ला ऐकून घ्यायचे. कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस दिसला की राऊतांचं ठरलेलं असे: "अंडी बंद. तूप बंद. खोबरं बंद. तीन महिन्यांनी या." आपण अर्धे डॉक्टर आहोत असं त्यांना वाटायचं. उरलेला अर्धा भाग डॉक्टरांना कशाला लागतो, हा प्रश्न त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत पडला नाही.

त्या वर्षी मालकांनी लॅबमधल्या सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या. काउंटरवरच्या अश्लेषानं सकाळी सगळ्यांचं रक्त काढलं आणि नळ्यांवर नावांऐवजी नंबर टाकले. राऊतांनी नळ्या मशीनमध्ये फिरवून बाहेर काढल्या. वर पिवळसर, स्वच्छ पाणी यायला हवं. एका नळीत मात्र ताकासारखा पांढरा गढूळपणा होता.

"हा कोण महाभाग?" राऊत म्हणाले. "बारा तास उपाशी राहा म्हणून सांगावं, आणि हा वडापाव हाणून आलाय. लोकांना लाज कशी वाटत नाही."

अश्लेषानं वहीत नंबर पाहिला. मग परत एकदा पाहिला.

"काका, हा तुमचा आहे."

राऊत रात्रीपासून उपाशी होते. त्यांनी शपथेवर सांगितलं. अश्लेषानं मान डोलावली, पण ती मान त्यांना ओळखीची वाटली. शपथेवर सांगणाऱ्या प्रत्येक पेशंटसमोर ते स्वतः अशीच डोलवत आले होते.

दोनशेच्या आत हवं ते कोलेस्टेरॉल चारशे बारा निघालं. रक्त दुधाळ करणारी ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी तर सातशेच्या जवळ. राऊत स्कूटरवरून वसईच्या वाडीतल्या घरी पोहोचले आणि त्यांनी पत्नी यमुनाबाईंसमोर स्वतःलाच सल्ला दिला: अंडी बंद, तूप बंद, खोबरं बंद.

"डॉक्टरला दाखवा ना," यमुनाबाई म्हणाल्या.

"मला काय दाखवायचं? मी रोज वीस जणांना हेच सांगतो."

दोन महिने त्यांनी कडक पथ्य पाळलं. जेवणात गोडी राहिली नाही, म्हणून जोडीला सुके बोंबील आणि पापड घेतले, कारण सुक्या मासळीत चरबी कुठे असते? मीठ असतं, पण मिठाबद्दल रिपोर्टमध्ये काही लिहिलं नव्हतं. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसू लागले. दिवसभर उभं राहून होतं, असं ते म्हणाले. लघवीला फेस यायचा आणि तो जायचा नाही. त्याचा दोष त्यांनी यमुनाबाईंनी आणलेल्या संडासाच्या नव्या लिक्विडवर टाकला. बाईंनी बिचाऱ्यांनी लिक्विड बदललं. फेस तसाच राहिला. मग राऊतांनी दुसरं लिक्विडही वाईट ठरवलं.

दोन महिन्यांनी परत रक्त तपासलं, तर चारशे अडतीस.

"काका, लघवी तपासली का तुम्ही?" अश्लेषानं विचारलं.

एवढ्या वर्षांत मनवेलपाड्यातल्या अर्ध्या वस्तीची लघवी राऊतांनी तपासली असेल. स्वतःची बाटली कधी भरली नव्हती. त्यांनी ती भरली, तपासणीची पट्टी बुडवली. प्रथिनांचा पिवळा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला, म्हणजे लघवीत प्रथिनं भरपूर.

"पट्टी जुनी आहे," ते म्हणाले आणि पट्ट्यांची नवी बाटली फोडली. नवी पट्टीही हिरवी. मग त्यांनी दुसऱ्या एका पेशंटच्या लघवीत त्याच बाटलीतली दुसरी पट्टी घालून पाहिली, ती पिवळी राहिली. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली.

वसईत किडनीच्या डॉक्टर वसुंधरा मॅडमनी त्यांचे पाय बोटानं दाबून पाहिले, रिपोर्ट चाळले.

"तुमच्या किडनीची चाळण फाटलीय असं समजा," त्या म्हणाल्या. "रक्तातली प्रथिनं लघवीतून वाहून जातायत. ती भरून काढायला लिव्हर धडपडतं, आणि त्या धडपडीत चरबीही जास्त बनवतं. शिवाय बनलेली चरबी नीट साफ होत नाही. अंड्यावर खापर फोडून काय होणार?"

"दोन महिने खाल्लं नाही हो एकही."

"आणि काय खाल्लं?"

राऊतांनी हळू आवाजात बोंबील आणि पापड सांगितले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. यमुनाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्या हसतायत हे राऊतांना पाठीवरूनही कळत होतं.

किडनीची बायोप्सी झाली. नंतर स्टेरॉइड, सूज उतरवायच्या गोळ्या, प्रथिनांची गळती कमी करायची गोळी आणि कोलेस्टेरॉलची एक. मीठ मोजून, कारण मिठानं सूज वाढते. स्टेरॉइडनं चेहरा गोल झाला आणि भूक अशी लागली की ते पहाटे उठून डबे उघडायचे. यमुनाबाईंनी डबे वरच्या फळीवर ठेवले. बोंबील तर त्यांनी शेजारी देऊन टाकले.

दहा महिन्यांत पट्टीवरचा हिरवा रंग फिकट झाला, कोलेस्टेरॉल दोनशेच्या खाली आलं. कोलेस्टेरॉलची गोळी आता थांबवायची का, असं राऊतांनी विचारलं. "नाही," मॅडम म्हणाल्या. "किडनीच्या माणसाला हार्टचा धोका जास्त. आणि गोळ्या कधी थांबवायच्या ते मी सांगेन, तुम्ही नाही."

लॅबमध्ये राऊतांनी सल्ला देणं सोडलं. कोणाचं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं दिसलं की ते एवढंच विचारत: पाय सुजतात का? लघवीला फेस येतो का? आठवडाभरात एका शिक्षिकाबाईंनी मालकांकडे तक्रार केली, की तुमचा माणूस रक्त घ्यायचं सोडून भलत्याच चौकशा करतो. मालकांनी बोलावून घेतलं.

"राऊत, चुकीचे सल्ले देत होतात तेव्हा एक तक्रार नव्हती तुमची."

"तेव्हा मी आत्मविश्वासानं बोलायचो," राऊत म्हणाले.

शेवटी असं ठरलं, की बायकांना अश्लेषानं विचारायचं आणि पुरुषांना राऊतांनी, आणि उत्तर काहीही आलं तरी डॉक्टरांकडे पाठवायचं. त्या शिक्षिकाबाईंना अश्लेषानं फोन केला. त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "पाय सुजतात खरे. उद्या बाटली घेऊन येते."