दाबाची नथ

देवगाववरनं बसनं संभाजीनगरला आलो, दवाखान्याचे दोन जिने चढलो, आन् मला बोलताच येईना, अशी धाप लागली. मांडीवर नऊ महिन्यांची पोरगी, शेजारी सासूबाई. नाकाचं दुसऱ्यांदा ऑपरेशन करायचं का नाय, ते आज सांगायचं होतं. आमचे हे वाळूजला कंपनीत, फोनवर म्हणले, "तुझा जीव, तूच बघ."

लहानपणी मेंढ्यानं धडक दिली, तवापासून नाकाचं हाड वाकडं. लग्नानंतर ऑपरेशन केलं. पट्ट्या निघाल्या, चार दिवस दोन्हीकडनं वारं आलं, लई बरं वाटलं. मग नणंदेचं लग्न. सासूबाई म्हणल्या, "सुवासिनीचं नाक मोकळं बरं दिसतं का? घटकाभर घाल." दाबाची नथ, चिमट्यागत नाक धरणारी, मोत्याची, जड. दिवसभर ठणका सोसला, कुणाला सांगितलं नाय. पुढं नाक बसत गेलं, उजवी बाजू बंदच.

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून आत आधार लावू. श्वास सुधारेल, पण पूर्ण मोकळा होईलच असं नाही. आत वण धरलेत, दुसऱ्यांदा काम अवघड असतं. परत बसूही शकतं."

"आन् नाय केलं तर?"

"जीवाला धोका नाही. असंच राहील."

असंच म्हणजे पोरीला पाजतानाबी दम कोंडतो, तिला मधीच अंगावरनं बाजूला करावं लागतं, ती रडती. आन् भुलीतनं उठलेच नाय तर तिला कोण पाजंल?

सासूबाई म्हणल्या, "नाकानं येत नाय तर तोंडानं घ्यावा श्वास. बोलायला तर लई चालतंय तोंड."

डॉक्टरीणबाई हसल्या नाय. "पहिल्या ऑपरेशननंतर नाकाला काही झालं होतं का?"

दर बारीला मी नाय म्हणायचे. त्या दिवशी थकले होते. म्हणलं, "पट्ट्या निघाल्या आन् नथ घातली. दाबाची."

सासूबाई भिंतीकडं बघाया लागल्या.

"नथेनंच झालं, असं नाही म्हणता येत. पण या वेळी वर्षभर नाकात काही नको. जमेल?"

"उन्हाळ्यात दिराचं लग्न हाय," सासूबाई हळूच म्हणल्या. "लोक इचारतील."

मी म्हणलं, "इचारू द्या, आत्याबाई. दम घ्यायला मोकळं ठेवलंय म्हणा."

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचा कागद पुढं केला. सासूबाईंनी पोरगी उचलून आपल्या मांडीवर घेतली. माझे हात मोकळे झाले. सातवी शिकलेली मी, सहीला येळ लागला, पण केली. भ्या गेलं नव्हतं. नुसता धापेचा कंटाळा आला होता.