मास्तरांची चूक

बाबा गणिताचे मास्तर. रोज फळ्यावर मुद्दाम एक चूक करायचे आणि पकडणाऱ्याला खडू बक्षीस द्यायचे. "मास्तर म्हणतो म्हणून माना डोलावू नका!" घरीही तोच खाक्या. जेवताना 'सात सक त्रेचाळीस' म्हणायचे आणि आम्ही तिघं भावंडं त्यांच्यावर तुटून पडायचो. निवृत्त झाले तरी खिशात खडू असायचाच.

एके सकाळी आई चहा घेऊन आली, तर म्हणाले, "या बाई. तुम्ही कुणाच्या आई?"

"चूक सापडली!" आम्ही ओरडलो. चाळिशी उलटलेली, तरी खडूसाठी हात पुढे. अक्कल नावाला नाही! बाबा खिशाकडे वळलेच नाहीत. परक्यासारखे आमच्याकडे बघत राहिले.

आईने कप त्यांच्या हातात दिला.

"या तिन्ही गाढवांची, सर."