दार वाजल्यावर उठणारी

पप्पा चर्चचे पाळक होते. कोल्हापुरातल्या आमच्या लहानशा मंडळीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि घरात तर विचारूच नका. संध्याकाळी सातला प्रार्थना. पप्पांनी एकदा डोळे मिटले की आमेन होईपर्यंत कुणी उठायचं नाही, दार उघडायचं नाही. शेजारणीसुद्धा सातनंतर साखर मागायला येत नसत.

माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आजऱ्याच्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं तेव्हा पप्पा तिला एवढंच म्हणाले, "तू माझं ऐकलं न्हाईस. आता हितं यायचं न्हाय." दोन वर्षं ती आली नाही. आई आधीच गेलेली, त्यामुळं मध्ये पडायला कुणी नव्हतं. मी होते म्हणा, पण माझी काय टाप! 'लेक असावी तर अशी' असं मंडळीतल्या बायका माझ्याबद्दल म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ती संध्याकाळ. प्रार्थना चालू असताना दार वाजलं. दोनदा पटापट, मग थांबून एकदा. पप्पांनी डोळे न उघडता हात वर केला. मी कडीपासून हातभर अंतरावर बसले होते. पुन्हा तसंच वाजलं. मी हलले नाही. आमेन झाल्यावर दार उघडलं, तर पायरीवर काजूची पिशवी होती आणि बोळात कुणी नव्हतं.

चार महिन्यांनी अक्का गेली. दार वाजलं त्या दिवशी ती डॉक्टरांना दाखवायला कोल्हापुरात आली होती आणि रिपोर्ट घेऊन थेट आमच्याकडं आली होती, हे आम्हाला तिच्या मातीला गेल्यावर कळलं. सातला सगळे घरात असतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

पुढं काही वर्षांनी मी संडेस्कूल घ्यायला लागले. आज्ञापालनावर धडा होता म्हणून पप्पांचा जुना ग्रीक कोश काढला. शब्द होता 'हुपाकोए'. मला वाटलं, हुकूम, शिस्त, मान तुकवणं असलं काही निघेल. निघालं ते कान देऊन ऐकणं. खाली दाखला बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांतला: पेत्र दार ठोठावतो आणि कोण आहे ते बघायला एक दासी जाते. तिच्या त्या जाण्याला याच शब्दाचं क्रियापद वापरलंय. त्याखाली पप्पांनी तरुणपणीच तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली होती.

मी पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी त्या तांबड्या रेघेवर बोट ठेवलं.

"मला ठाऊक हुतं की," ते म्हणाले. "लोकास्नी शिकीवलंय मी हे." मग माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या सांजंला दारात कोण आलंय ते तुला कळलं हुतं काय गं?"

"न्हाय, पप्पा."

त्या दिवसापासून सातच्या प्रार्थनेला आमचं दार सताड उघडं असायचं. डास यायचे, कुत्री डोकवायची. पप्पा सगळा दोष स्वतःकडं घेऊन गेले आणि मी तो घेऊ दिला, याची मला आजही लाज वाटते.

त्या दासीनं आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच ती आत पळाली, असं तिथं लिहिलंय. आवाज मीही ओळखला होता. दोनदा पटापट, मग थांबून एकदा. शाळेतून आल्यावर अक्का तसंच दार वाजवायची, बाहेर तीच आहे हे मला कळावं म्हणून.