सातव्या प्रश्नाचं उत्तर

माझे भावोजी नगरपालिकेच्या प्लंबर परवान्याच्या परीक्षेत तीनदा नापास झाले, आणि तिन्ही वेळा एकाच मार्काने. हात म्हणाल, तर त्यांनी बसवलेला नळ गळताना मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पण प्रश्न सातवा आडवा यायचा: मेन लाइन फुटल्यास सर्वप्रथम काय कराल? भावोजी दर वेळी लिहायचे, व्हॉल्व्ह बंद करीन. नगरपालिकेला हवं असलेलं उत्तर होतं, संबंधित अधिकाऱ्यास लेखी कळवीन.

"अहो, एकदा लिहून टाका की ते," मी म्हणायचो.

"आणि तोवर पाणी काय माझी वाट बघत थांबणार?"

यावर ताई आतून खुदकन हसायची. नवरा नापास झाल्याचं इतकं कौतुक असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

परवाना नाही म्हणून भावोजींना कायम दुसऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्याच्या सहीने काम करावं लागे. त्यामुळे ती स्वातंत्र्यवाली मंडळी भेटली, तेव्हा ते एका बैठकीत गारद झाले. मंडळींचे पुढारी एक निवृत्त प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं, की सरकार बदलत बसण्यापेक्षा आपणच सगळे उठून एका जागी राहायला जाऊ. तिथे कुणी कुणाला हुकूम सोडणार नाही, कुणी कुणाकडे कागद मागणार नाही. बंद पडलेल्या काच कारखान्याची कामगार वसाहत त्यांनी हेरून ठेवली होती. बेचाळीस घरं, एक टाकी, एक मेन लाइन. ताईने शाळेतली शिवणाची नोकरी सोडली. ट्रक माझा होता, सामान मीच नेलं, आणि परत यायचा कंटाळा आला म्हणून तिथेच राहिलो. स्वातंत्र्याशी माझा संबंध एवढाच.

पहिलं वर्ष भावोजींचं होतं. गंजलेली सगळी लाइन उपसून त्यांनी नवी टाकली. लोक त्यांना दारातून हाका मारून चहा पाजायचे. कागद कुणीही मागितला नाही. पाना फिरवताना ते शीळ घालायला लागले होते.

मग एका स्वतंत्र नागरिकाने घात केला. तेरा नंबरमध्ये एक फोटोग्राफर राहायचे. आपल्या घरात आपण वाटेल ते करू शकतो या तत्त्वावर त्यांनी धुण्याच्या हौदाचा पाइप स्वतःच्या हाताने पिण्याच्या लाइनला जोडला. शेजारच्या सहा घरांत नळाला फेस आला, पोटं बिघडली आणि सभा भरली. कुणावर सक्ती करायची नाही, हे सगळ्यांनी पुन्हा एकदा मान्य केलं. मग असं ठरलं, की पाइपला हात लावणाऱ्याने स्वेच्छेने एक परीक्षा द्यावी आणि परवाना घ्यावा. जो देणार नाही, त्याने स्वेच्छेने हात लावू नये.

"भावोजींना कशाला परीक्षा?" मी उभा राहिलो. "तुमच्या घरात पाणी येतं ते कुणामुळे?"

"त्यांच्याबद्दल शंकाच नाही," प्राध्यापक म्हणाले. "पण एकाला सूट दिली की ती खास सवलत झाली. सवलतींनाच कंटाळून आलो ना आपण?"

प्रश्नपत्रिका काढायला प्लंबिंग कळणारा माणूस एकच होता. भावोजींना जुनी परीक्षा तोंडपाठ. पंचवीसच्या पंचवीस प्रश्न त्यांनी लिहून दिले, सातव्यासकट. तो त्यांनी मुद्दाम घातला असं मला आजही वाटतं. तो एक मार्क त्यांना आयुष्यात एकदा हवा होता. पण उत्तरं सभेने एकमताने ठरवायची होती, आणि सातव्यावर सभा दोन दिवस अडून बसली. व्हॉल्व्ह बंद केला की बेचाळीस घरांचं पाणी जातं. न विचारता कुणाचं पाणी तोडणं ही जुलुमाची पहिली पायरी आहे, असं प्राध्यापक म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. उत्तर ठरलं: सर्व घरांची लेखी संमती घेईन.

परीक्षेला भावोजी एकटेच बसले. मी खिडकीतून बघत होतो. सातव्यापाशी पेन थांबलं. त्यांनी बाहेर टाकीकडे पाहिलं, कपाळ पुसलं, आणि मग मान खाली घालून लिहून टाकलं. पंचवीसपैकी पंचवीस पडले.

परवाना त्यांनी फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावला. ताई त्या भिंतीकडे पाठ करून शिवायला बसायची. मला त्यांचा राग आला होता, पण पन्नाशीचा माणूस रोज सकाळी काच पुसताना दिसला की रागावताही येत नसे.

दीड महिन्याने भर दुपारी मेन लाइन फुटली, नेमकी भावोजींच्या घराच्या वरच्या अंगाला. भावोजी चावी घेऊन धावले, मागे मी. त्यांनी चावी व्हॉल्व्हवर बसवली, वाकले, आणि तसेच थांबले.

"फिरवा की!" मी ओरडलो.

"परवाना जाईल रे," ते म्हणाले. "घरातून वही आण माझी. सह्या घ्याव्या लागतील."

मी जागचा हललो नाही. तेव्हा ते स्वतः वही घेऊन आले आणि एक नंबरपासून दारं वाजवत सुटले. लोकही काही वाईट नव्हते. कुणी चष्मा शोधला, कुणी मजकूर वाचून मग सही केली. बारा नंबरवाल्यांच्या अंगाला साबण होता, ते आतूनच म्हणाले, पाच मिनिटांनी संमती देतो. इकडे पाणी भावोजींच्या घरात शिरून ताईच्या शिवणयंत्राच्या पायडलपर्यंत चढलं होतं.

ताई बाहेर आली. मला म्हणाली, "तू काय बघतोस?" तिने पदर खोचला, दोन्ही हातांनी चावी फिरवली, आणि पाणी थांबलं.

भावोजी अकरा सह्यांची वही छातीशी धरून आले. बंद व्हॉल्व्हकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, तुझ्याकडे परवाना नाही."

ताईने चावी त्यांच्या हातात ठेवली.

"तीनदा नापास झालात ना," ती म्हणाली, "तेव्हा फार आवडायचात मला."

आणि बादली घेऊन ती घरातलं पाणी उपसायला आत गेली.