मेक्सिकन हॉटेलातली पसंती

आमच्या खामगावात नांदुरा रोडला मेक्सिकन हॉटेल निघालं, तेव्हा मी म्हटलं होतं की सहा महिन्यांत तिथे पुन्हा टायरचं दुकान दिसेल. दोन वर्षं झाली, हॉटेल अजून चालू आहे. यावरून गावाच्या जिभेची काय अवस्था आहे ते समजून घ्या.

माझं काम जिनिंगमध्ये कापूस पारखायचं. गाडी आली की मधूनच मूठभर कापूस ओढायचा, बोटांत तोडून पाहायचा, आणि माल खराब निघाला की शेतकऱ्याच्या असो की व्यापाऱ्याच्या, तोंडावर सांगायचं. तीस वर्षं हे केल्यावर जीभही तशीच होते. बायको म्हणते, मी जेवत नाही, माल तपासतो. तिचं काही चुकत नाही.

हॉटेल उघडलं त्याच आठवड्यात मेहुण्याने मला हौसेने तिथे नेलं. भिंतीवर निवडुंग रंगवलेलं. निवडुंग पाहायला हॉटेलात कशाला जायचं, आमच्या शेताच्या धुऱ्यावर हवं तेवढं आहे. टाको म्हणून जे आलं ते दुमडलेल्या कडक पापडात भरलेला कच्चा कोबी होता. पहिल्याच घासाला पापड फुटला आणि कोबी माझ्या शर्टावर. बरिटो म्हणजे थंड पोळीत गुंडाळलेला राजमा-भात. साल्सा म्हणजे मीठ घालायचं राहून गेलेली टमाट्याची कोशिंबीर. नाव मोठं, लक्षण खोटं. मेक्सिकोच्या लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही. तेही मक्याची भाकर आणि मिरची खातात म्हणे, म्हणजे आपल्यासारखीच माणसं. तक्रार या हॉटेलवाल्याची आहे. त्याला ना त्यांची भाकर जमते, ना आपली. पुन्हा इथली पायरी चढणार नाही, असं मी मेहुण्याला तिथेच ऐकवलं.

चढावी लागली ती मुलीसाठी. मुलगी बुलढाण्याला बँकेत आहे. तिच्यासाठी अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा पुण्याला नोकरीत. त्यांचा निरोप आला की घरी पोह्यांचा कार्यक्रम नको, रविवारी दुपारी बाहेरच भेटू. हॉटेल मुलाने निवडलं, आणि निवडून निवडून हेच निवडलं. तिथेच माझ्या मनात त्याचे दोन मार्क कमी झाले.

निघताना मुलीने मला बजावलं, "बाबा, मी येते. पन तिथं काही पक्कं करू नका. घरी आल्यावर मी सांगीन."

"हाव," मी म्हटलं.

मुलगा-मुलगी बोलायला खिडकीजवळच्या टेबलावर बसले. इकडे मी, बायको आणि मुलाचे आई-वडील. पोळी थंड आली. मी वेटरला बोलावलं. दुसरी आणली, तीही थंड. पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा ठेचा मागितला, तर त्याने बाटलीतला लाल सॉस आणून ठेवला. तो गोड होता! मुलाचे वडील इतका वेळ गुमान चावत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काहो, हे काय खाऊन राह्यलो आपन?"

"इचारू नका," मी म्हटलं. "गायीपुढं टाकलं तर गाय तोंड फिरवीन."

ते खदखदून हसले. मग काय, आमची गट्टीच जमली. चीज कसं रबरासारखं, भात कसा गिचका, एकेका पदार्थाची आम्ही दोघांनी मिळून सालटी काढली. इतका समविचारी माणूस मला वर्षानुवर्षांत भेटला नव्हता. खिडकीकडे पाहायची मला आठवणही राहिली नाही.

शेवटी हॉटेलतर्फे म्हणून एक ताट आलं. तळलेल्या लांब कांड्या, साखरेत घोळवलेल्या. गरम होत्या, खुसखुशीत होत्या. अख्ख्या जेवणात खाण्यालायक एवढी एकच वस्तू. मी एक कांडी मोडली आणि आनंदाच्या भरात मुलाच्या वडिलांच्या तोंडाजवळ नेली.

"घ्या, तोंड गोड करा!"

आमच्याकडे पसंती झाली की मुलीचा बाप मुलाच्या बापाला साखर चारतो. तो शब्दच असतो, मग फिरवता येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाच-सहा लग्नं अशीच माझ्या डोळ्यांदेखत ठरली आहेत. पण हात पुढे गेला होता आणि त्यांनी तोंड उघडलं होतं.

"मंग आता व्याहीच म्हना लागते!" म्हणत त्यांनी मला मिठी मारली. मुलाच्या आईने पर्समधून कुंकवाची डबी काढली. मुलीला खिडकीजवळून बोलावलं, कपाळाला कुंकू लावलं, उरलेली कांडी तिच्या तोंडात घातली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोलता आलं असतं. मी खाली मान घालून चावत राहिलो.

 घरात पाऊल टाकताच मुलगी म्हणाली, "पोळीसाठी अन् ठेच्यासाठी तुम्ही तीन डाव वेटरले बोलावलं. मले एक डाव बोलावता नाही आलं?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. दुसऱ्याच्या हॉटेलला नावं ठेवायला मी पुढे, आणि पोरीला दिलेला शब्द साखरेबरोबर गिळून बसलो. थू माझ्या पारखीवर. आता चूक सुधारायची म्हणून मी तिथल्या तिथे मुलाच्या वडिलांना फोन लावला.

"भाऊ, मी घाई केली. पोरीनं अजून हो म्हनलं नाही."

"साखर चारल्यावर आता सांगता?"

"चुकलं माझं. थोडा वेळ द्या."

"वेळ कायचा? आमची चेष्टा लावली काय? मंग हे लगन राह्यलं समजा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला. उचलला नाही.

मी मुलीकडे वळलो. वाटलं, आता तरी तिच्या मनासारखं झालं.

ती दाराला टेकून उभी होती. "फोन कराच्या आधी तरी इचारायचं होतं, बाबा," ती म्हणाली. "मले आवडला होता तो."