सम्राटाच्या कानापर्यंत

ओव्हाळ सर गेल्याचा फोन आला तेव्हा लोणावळ्यात दाट धुकं उतरलं होतं. त्यांच्या पत्नी शैलावहिनी एवढंच म्हणाल्या, "दुपारी वाचता वाचता डोळा लागला, तो लागलाच..." मी खिडकीशी उभी राहिले. समोरचा रस्ता दिसत नव्हता, झाडं दिसत नव्हती. सरही तसेच त्या धुक्यात कुठेतरी असतील, ऊन पडलं की दिसतील, असं वाटत राहिलं. आता सहा आठवडे झाले.

सर मूळचे देहूरोडचे. तरुणपणी तिथल्या बुद्धविहारात आलेल्या एका जपानी भिक्खूंकडून ते जपानी शिकले आणि पुढे मावळातल्या एका जपानी कारखान्यात दुभाषी झाले. निवृत्तीनंतर आमच्या शेजारी राहायला आले ते लिहायचं ठरवूनच. विषय एकच, महायुद्धाच्या काळातला जपानी दरबारातला एक मंत्री. सम्राटाला कोणी भेटावं, कोणाचं म्हणणं त्याच्या कानी जावं, हे बरंचसं या माणसाच्या हातात होतं. मग युद्धाच्या निर्णयात त्याचा वाटा किती? सरांनी पहिल्या लेखात त्याला निर्दोष ठरवलं होतं. तो नुसता निरोप्या, निर्णय घेणारे दुसरेच. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून तो लेख तपासायला माझ्याकडे आला होता.

दुपारी त्यांच्या खोलीत बसलं की ढग खिडकीतून आत येत, कागद मऊ पडत. सर एखादं जपानी वाक्य मोठ्यानं वाचत आणि मग सावकाश मराठीत आणत. सम्राटाचा तो राजवाडा इथेच, खंडाळ्याच्या दरीपलीकडे असावा असं मला वाटे... एकदा असंच वाचताना ते थांबले.

"बाई, हा लेख मी माझ्यासाठीच लिहिलाय."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात आंदर मावळातला बबन नावाचा कामगार होता. पत्रा दाबणारा प्रेस मधेच खाली येतो, मी त्यात हात घालणार नाही, असं त्यानं जपानी साहेबाला तोंडावर सांगितलं. साहेब चिडेल, बबनची नोकरी जाईल, या भीतीनं सरांनी जपानीत सांगितलं की सवडीनं मशीन एकदा तपासावं, अशी याची विनंती आहे. साहेबानं मान हलवली, ती पाहून बबन पुन्हा मशीनवर गेला. चार दिवसांनी त्याच प्रेसखाली त्याची दोन बोटं गेली. चौकशीत सरांना कोणी काही विचारलंच नाही.

"मी त्याच्या भल्यासाठीच केलं होतं," सर म्हणाले. "मंत्र्यालाही तसंच वाटलं असेल."

त्यानंतर महिन्याभरात आम्ही बबनभाऊंकडे गेलो. जीपनं जाता येईल तिथवर गेलो, पुढे भातखाचरांच्या बांधावरून चालत. सरांनी अंगणात उभ्यानंच सगळं सांगितलं. बबनभाऊ बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मला वाटलं, सायबानं ऐकून बी काय केलं न्हाई. इतकी वर्सं त्येलाच शिव्या घातल्या म्या." मग ओसरीकडे हात करत, "बसा. च्या घ्या."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. सरांनीही विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी लेख पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतला.

गेल्या रविवारी बबनभाऊ वहिनींना भेटायला आले. सरांच्या खोलीत टेबलावर कागद तसेच होते, चष्मा उघडाच. ते म्हणाले, "सरांनी माजं काय लिवलंय का त्यात?" वहिनींनी शेवटचं पान माझ्या हातात दिलं.

मी वाचू लागले. "निरोप मवाळ करणारा माणूस त्याच क्षणी निर्णय घेत असतो. मंत्र्याला मी सोडून दिलं होतं, ते चुकलं." पुढच्या ओळीत बबनभाऊंचं नाव दिसलं आणि मी थांबले. मनातल्या मनात एखादं हलकं वाक्य जुळवू लागले.

"थांबला का बाई? हाय तसं वाचा."

मी वाचलं. "बबन नाही म्हणाला होता. त्याचं ते नाही मी साहेबापर्यंत पोचू दिलं नाही."

बबनभाऊ सरांच्या खुर्चीकडे बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाईच म्हनलो व्हतो मी."