टाकीआडचं खळं

ऐन जेवणाच्या वेळेला अख्खी इमारत गच्चीवर गोळा करायची अवदसा रंगवाल्यांना आठवली आणि घोळ झाला. एकेक दार ठोठावत ते एकटेच ओरडत सुटले होते, ‘‘वर चला, वर! आकाशात काहीतरी आलंय. लाल, हिरवं, निळं! भोवती रंगांची कडी आहेत!’’

कुणी साबणाच्या हातांनी आलं, कुणी एकाच पायात चप्पल घालून. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला लागून एक ठळक ठिणगी लुकलुकत होती. क्षणात लाल, क्षणात हिरवी.

‘‘विमान आहे,’’ तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला.

‘‘एवढा वेळ एका जागी? प्रवासी भरतंय वाटतं,’’ त्याची बायको म्हणाली.

‘‘व्याध आहे तो,’’ तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या. बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. खडू सुटला तरी आवाज सुटला नव्हता. ‘‘तारा खाली असला की उजेड जाड थरातून, हलत्या हवेतून येतो. त्यात रंग फुटतात. वर चढू द्या, कसा शहाण्यासारखा पांढरा होतो बघा.’’

‘‘आणि ही कडी?’’ रंगवाल्यांनी विचारलं.

‘‘कसली कडी?’’

कुणालाच दिसत नव्हती. ‘‘दुकानातलं थिनर फार हुंगलंत,’’ शिंपी म्हणाला, आणि हसत हसत सगळे जेवायला खाली गेले.

रंगवाल्यांना ते हसणं झोंबलं, कारण त्यांचं घर त्यांच्या नजरेवर चालत होतं. रंगाच्या दुकानात ते शेडकार्ड न उघडता, नुसत्या आठवणीवर रंग कालवत. रंग मिसळायचं यंत्र घ्या म्हणून विक्रेते आले की शेठ यांच्याकडे बोट दाखवायचे, ‘‘हा माणूस आहे तोवर यंत्र कशाला?’’ ते वाक्य ऐकून रंगवाल्यांना रात्री छान झोप लागायची. एकच खोट होती. बाईंच्या भिंतीची गळती दुरुस्त झाल्यावर त्यांनी क्रीम रंग कालवून दिला होता. बाई म्हणाल्या, ठिगळ दिसतंय. हे म्हणाले, तुमच्या खोलीत उजेड कमी. तेव्हापासून जिन्यात दोघं एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करत.

त्या रात्री मात्र बाई मागे थांबल्या.

‘‘जरा डावीकडे सरका. तारा टाकीआड जाऊ द्या. गेला?’’

‘‘गेला.’’

‘‘आणि कडी?’’

‘‘तीही गेली.’’

‘‘चंद्राला खळं पडतं ते हवेत असतं. अंगठ्यानं चंद्र झाका, खळं तसंच राहतं. तुमचं खळं ताऱ्याबरोबर गेलं. ते आकाशात नाही, रंगवाले.’’

ते पुन्हा उजवीकडे सरकले, पुन्हा डावीकडे. एकदा तरी खळं टाकीबाहेर डोकावेल म्हणून. डोकावलं नाही.

‘‘मग कुठंय?’’

‘‘डोळे शेवटचे कधी तपासलेत?’’ बाईंनी उलट विचारलं.

घरी त्यांनी विषय टाळला. बायकोनंच काढला. ‘‘अहो, दाखवून तर या.’’

‘‘आणि काही निघालं तर? शेठ दुसऱ्या दिवशी यंत्र आणतील.’’

‘‘नाही दाखवलं तर काय, यंत्र घाबरून पळून जाईल?’’

दुकानात त्यांनी शेठ चहाला गेल्याचं बघून, चोरासारखं शेडकार्ड उघडलं. पांढरा आणि क्रीम जुळी भावंडं होऊन बसली होती. त्याच दिवशी ते डॉक्टरांकडे गेले.

‘‘मोतीबिंदू,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय.’’

पिवळं. परत येताना रस्ताभर तेवढाच शब्द सोबत होता. ज्याला पांढरंच क्रीम दिसतं, तो पिवळा रंग हात आखडूनच घालणार. त्यांना एक भिंत आठवली आणि ते वाट वाकडी करून आधी दुकानात गेले. शेठना सगळं सांगून टाकलं. शेठ बराच वेळ झाकणांवरची धूळ पुसत राहिले. ‘‘दोन्ही डोळे करून या,’’ म्हणाले. ‘‘यंत्राचं मग बघू.’’

हे आश्वासन होतं की नोटीस, त्यांना अजून उमगलेलं नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी सुटली आणि ते गच्चीवर गेले. व्याध आता वर आला होता. जुन्या डोळ्यानं पाहिला: पिवळट, कड्यांसकट. नव्यानं पाहिला: धुऊन नीळ दिलेल्या शर्टासारखा, एकटा. कितीतरी वेळ ते डोळे आलटून पालटून मिटत राहिले. आपण एवढे दिवस कुणाकुणाच्या घरात काय काय रंगवलं असेल, या विचारानं त्यांना जिना उतरवेना.

शेवटी उतरले, ते बाईंच्या दारातच. आत भिंतीवर ते ठिगळ नव्या दातासारखं चमकत होतं.

‘‘बाई, हे... हे असंच होतं?’’

‘‘कॅलेंडर टांगलं होतं त्यावर. तुम्ही याल म्हणून काढलं.’’

‘‘उद्याच डबा आणतो. योग्य रंगाचा. आणि मी उजेडाचं जे बोललो—’’

‘‘एका डोळ्यानं कालवलेला रंग मला नको. दुसरा होऊ दे, मग आणा. बोलायचं तेही तेव्हाच बोला.’’ बाईंनी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख अजून मिळालेली नाही. बाईंचा डबा बाकी आहे, आणि रंगवाले तळमजल्यावरून जाताना जरा भरभर चालतात.